नानांचे कॅलेंडर आणि नातवाचा आलेख

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही बडोद्याला अकोट्यात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नसलेल्या एका सोसायटीत राहतो. हे बैठे घर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, १९८४ साली बांधले. २०१९ च्या पुरात पाणी ओट्याच्या वरच्या पायरीपर्यंत येऊन थांबले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ते गुडघाभर आत शिरले आणि तीन दिवस हलले नाही. मागच्या खोलीच्या भिंतीवर त्याची खूण अजून आहे, कारण तेथे रंग द्यायचा राहून गेला आहे. नाना ७९ वर्षांचे आहेत. मुलगा येथेच विद्यापीठात विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुरानंतर तो सतत हवामानबदलाविषयी बोलतो, आणि नाना म्हणतात की पूर पूर्वीही येत होते, १९२७ साली तर त्यांच्या वडिलांनी केवढा तरी पूर पाहिला होता, तेव्हा हे सगळे नवे खूळ आहे. गेल्या महिन्यात जेवताना वाद इतका वाढला की मुलगा म्हणाला, "तुम्ही जन्मभर केमिकलच्या कारखान्यात नोकरी केलीत. हे सगळं तुमच्याच पिढीनं केलंय." नाना ताटावरून उठले, आणि तेव्हापासून दोघांत अबोला आहे. यजमान म्हणतात, "निवळेल आपोआप", आणि वर्तमानपत्र उघडतात. नाना गेली कित्येक वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजचा पाऊस आणि आजवा तलावाची पातळी लिहीत असत. तेही त्यांनी बंद केले आहे. घर विकून उंचावरच्या भागात फ्लॅट घ्यावा, असे मुलाचे म्हणणे आहे. दोघांपैकी कोणाचे बरोबर आहे, हे कृपया शास्त्रीय आधारासह कळवावे, म्हणजे मी आपले उत्तर दोघांना वाचून दाखवीन.

— सौ. व. द., अकोटा, बडोदा

उत्तर

सौ. व. द. यांस, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी शेवटच्या भागातील एका वाक्यापाशी अडकलो. घर विकावे असे मुलाला वाटते, हे आपण अगदी जाता जाता लिहिले आहे. ज्या माणसाने ते घर स्वतः उभे राहून बांधून घेतले, त्याच्या कानावर पुरानंतर ‘हवामानबदल’ हा शब्द जेव्हा जेव्हा पडला असेल, तेव्हा त्याचा अर्थ ‘आता येथून उठा’ असाच त्याला लागला असणार. पूर पूर्वीही येत होते, असे नाना जेव्हा म्हणतात, तेव्हा अरबी समुद्राच्या तापमानाविषयी मत देण्यापेक्षा ते घर सोडायला नकार देत आहेत, अशी माझी समजूत आहे. ती चुकीची निघू शकेल; परंतु पुढे मी जे सुचवणार आहे त्यातले बरेचसे तिच्यावरच उभे आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शास्त्रीय बाजू आपण विचारली आहे, तर ती प्रथम मांडतो. मुलाचे म्हणणे मुळात बरोबर आहे. हवा तापली की तिच्यात अधिक बाष्प मावते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर हे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात गच्चीवर टाकलेला ओला पंचा बघता बघता कडक वाळतो, तेव्हा त्यातले पाणी नाहीसे झालेले नसते, ते हवेत गेलेले असते. तेच समुद्राच्या विस्तारावर घडते, आणि असे साठलेले पाणी उतरते तेव्हा थोडक्या तासांत उतरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळातील पावसाच्या नोंदी तपासल्या. देशाच्या मधल्या पट्ट्यात, ज्यात गुजरातही येतो, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते चढउतार असल्याचे त्यांनी दाखवले. त्याच पट्ट्यातील मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र त्या काळात घटत गेली होती. हे दुसरे वाक्य लक्षात ठेवावे, कारण ‘पूर्वीसारखा पाऊस आता राहिला नाही’ हे वडीलधाऱ्यांचे नेहमीचे वाक्य आणि ‘पाऊस भयानक वाढला आहे’ हे तरुणांचे वाक्य, ही दोन्ही एकाच आकडेवारीत शेजारी शेजारी बसू शकतात.

आता नानांची बाजू. १९२७ च्या जुलैत गुजरातेत खरोखरच प्रलयंकारी पाऊस झाला होता. त्या वेळच्या मदतकार्यात वल्लभभाई पटेल आघाडीवर होते. त्यामुळे नानांच्या वडिलांनी सांगितलेली हकीकत खूळ ठरवण्याचे काहीच कारण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हवेच्या कमी दाबाच्या ज्या प्रणालीने गुजरातेत पाऊस पाडला, ती कच्छवरून अरबी समुद्रात उतरली आणि ३० ऑगस्टला तिचे ‘असना’ हे चक्रीवादळ झाले, हे मुलगा नक्कीच सांगत असेल. ही घटना दुर्मीळ खरीच, परंतु १८९१ पासूनच्या नोंदींत ऑगस्ट महिन्यातील असे प्रसंग याआधीही तीन सापडतात: १९४४, १९६४ आणि १९७६. म्हणजे कोणताही एकच पूर किंवा एकच वादळ हाती धरून ‘हा पाहा हवामानबदल’ असे म्हणणे शास्त्रालाही मान्य नाही; शास्त्र बोलते ते अशा घटना किती वेळा आणि किती जोराने येतात याविषयी. उलट, पूर्वीही येत होते म्हणून आता काही बदललेले नाही, असेही निघत नाही. पूर्वीही लोक खोकत असत, म्हणून आजच्या खोकल्याचे कारण शोधू नये, असे कोणी वैद्य म्हणणार नाही. हवाई बेटांवर मौना लोआ येथे १९५८ साली कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. त्या वर्षी नाना बारा वर्षांचे असतील. आज तो ४२० च्या वर आहे. हा फरक त्यांच्या एका आयुष्यात पडला आहे.

परंतु आपले घर बुडाले ते केवळ आभाळामुळे नव्हे, आणि येथे नानांना नातवापेक्षा जास्त माहिती असण्याचा संभव आहे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, शहरातून नागमोडी वाहते आणि पुढे ढाढरला मिळते. तिच्या दोन्ही काठांना कोतरे, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, होती. नदी फुगली की पाणी त्यांत पसरत असे आणि ओसरेपर्यंत तेथेच थांबत असे. त्यांतली किती कोतरे भरणी टाकून, बांधकामाचा रोडा ओतून बुजवली गेली आणि त्यांवर काय काय उभे राहिले, हे १९८४ साली अकोट्यात घर बांधणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहिले आहे. धोक्याची पातळी २५ फूट असलेली नदी २०२४ साली सुमारे ३७ फुटांवर गेली. पाऊस थांबल्यावरही पाणी उतरेना, कारण त्याला बसायला जागाच उरली नव्हती. सयाजीरावांच्या काळात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला आजवा तलाव भरला की त्याचे पाणीही याच नदीत येते. म्हणूनच तर पावसाळ्यात बडोदेकर पातळी विचारतो ती दोन ठिकाणची, आजव्याची आणि नदीवरच्या काळा घोडा पुलाची, आणि नानांचे कॅलेंडर हा काही छंदिष्टपणा नव्हे.

एवढे सांगून झाल्यावर एक विनंती करतो. माझे उत्तर दोघांना वाचून दाखवू नये. मी स्वतः या बाबतीत तोंडघशी पडलो आहे. काही वर्षांपूर्वी कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या एका जुन्या स्नेह्यांशी याच विषयावर माझा वाद झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी तापमानाचे चार आलेख छापून घेऊन गेलो आणि बाकावर बसून त्यांना ते एकेक करून समजावले. त्यांनी ते शांतपणे पाहिले, घडी करून खिशात ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते बागेच्या दुसऱ्या दरवाजाने येऊ लागले. आलेखांत एकही चूक नव्हती. चार लोकांच्या देखत आपण हरलो, एवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचले असणार. आपण सून आहात. वर्तमानपत्रातल्या कोणा तिऱ्हाइताचा निवाडा सुनेच्या तोंडून ऐकणे नानांना याहून सोपे जाईल, असे मला वाटत नाही.

प्रथम त्या ताटाचे पाहावे. ‘हे तुमच्याच पिढीने केले’ हे वाक्य हिशेबालाही उतरत नाही आणि नात्यालाही. भारतातील माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि नाना नोकरी करीत होते त्या काळात ते याहून कितीतरी कमी होते. ज्या पगारावर घर उभे राहिले आणि आपल्या यजमानांचे शिक्षण झाले, त्याच पगाराबद्दल नातवाने भर पंगतीत जाब विचारला. मुलाने माफी मागितली पाहिजे, आणि ती फक्त त्या वाक्याची. ‘नाना, मी तसं बोलायला नको होतं’ येथे थांबावे. त्याच्यापुढे ‘पण’ आला, तर माफी मागितली नाही असे समजावे. हवामानबदलाविषयीचे आपले मत त्याने मागे घेण्याची गरज नाही, आणि तसे आपणही त्याला सुचवू नये.

त्याच वेळी मुलाकडेही पाहावे. त्याचा आवाज चढतो तो उद्धटपणामुळेच, असे नाही. विसाव्या वर्षी त्याने घरात शिरलेले पाणी पाहिले, अंधारात गच्चीवर रात्री काढल्या असतील, आणि त्या दिवसांत शहराच्या वस्त्यांतून दोन डझनांच्या आसपास मगरी पकडल्या गेल्याच्या बातम्या ऐकल्या. नाना मागचे सत्तर वर्षांचे पावसाळे आठवतात. हा मुलगा पुढचे पन्नास मोजतो आहे. त्याला ‘होईल सगळं नीट’ असे म्हणू नये, कारण ते खरे आहे की नाही हे आपल्यालाही ठाऊक नाही, आणि त्याला ते कळते. त्याला काय वाटते हे एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडताना विचारावे, आणि तो बोलत असताना उपाय सुचवू नयेत.

घराचा प्रश्न मात्र या वादातून पूर्ण बाहेर काढावा, आणि येथे माझे मत जरा कठोर आहे. हे घर ठेवायचे की विकायचे, हा नातवाने आजोबांसमोर काढण्याचा विषयच नव्हे. तो मुलाने वडिलांसमोर काढण्याचा विषय आहे. आपले यजमान वर्तमानपत्र उघडतात म्हणून ते काम विसाव्या वर्षाच्या पोरावर येऊन पडले, आणि त्याच्यापाशी हत्यार होते ते विज्ञानाचे, म्हणून त्याने ते उगारले. यजमानांनी नानांशी एकट्याने, घराबाहेर कोठेतरी बसून, बोलावे. त्या बोलण्यात हवामानबदल हा शब्द लागत नाही. पाच वर्षांच्या अंतराने पाणी एकदा पायरीपर्यंत आणि एकदा आत आले, एवढे पुरे आहे. त्यामागे समुद्र होता, आजवा होता की बुजलेली कोतरे होती, याने गुडघाभर पाणी कमी होत नाही. घर कोणाच्या नावावर आहे आणि अखेरचा शब्द कोणाचा, हेही त्याच बैठकीत स्पष्ट व्हावे. तो शब्द नानांचा असेल, तर तसे मोकळेपणाने मान्य करावे. उठवले जाणार नाही याची खात्री पटलेला माणूस पुष्कळ गोष्टी ऐकून घेऊ शकतो.

तोपर्यंत जे करायचे ते थोडक्यात सांगतो, कारण हे आपल्याला सुचले असेलच. विजेचा मीटर, मुख्य स्विचबोर्ड आणि इन्व्हर्टर भिंतीवरच्या खुणेच्या दोन-तीन फूट वर न्यावेत. घराची कागदपत्रे आणि नानांची औषधे एकाच पिशवीत, माळ्यावर असावीत. घराच्या विम्यात पूर धरलेला आहे का, ते पॉलिसी काढून वाचावे. सोसायटीची बैठक जूनच्या आधी व्हावी आणि पावसाळी गटारांचा विषय तीत पहिला असावा. आसपास एखादे कोतर अजून उघडे असेल, तर त्यात रोडा पडू न देणे हे काम सोसायटीने अंगावर घेण्यासारखे आहे, आणि त्यात नाना आणि नातू यांच्यात मतभेद होण्याचे मला काही कारण दिसत नाही. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे मोठे काम शहरात झाले, तेव्हा मगरी काठाच्या मातीतच बिळे करतात आणि तेथेच अंडी घालतात, त्यांचे काय, हा प्रश्नही निघाला होता. नदी वाहती ठेवायची की जिवंत ठेवायची, अशा प्रश्नावर दोघे वेगवेगळ्या बाजूंना उभे राहिले, तरी तो वाद घरातल्या कोणाला लागणार नाही.

आता बोलणे पुन्हा सुरू कसे करायचे. जेवताना नको, ताटावर बसलेल्या माणसाला उठून जाण्यावाचून दुसरी वाट नसते. आपल्या पत्रातली कॅलेंडरे मला येथे उपयोगी वाटतात. ती कोठे आहेत? पूर्वीची माळ्यावर असतील तर वाचली असतील, खालच्या कपाटात असतील तर भिजली असतील. मुलाने नानांकडे ती मागावीत आणि कारण खरे सांगावे: त्याला वर्षवार पावसाचे आकडे संगणकावर उतरवून घ्यायचे आहेत आणि अक्षर लागत नाही. चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी इंचांत लिहिलेला पाऊस आणि फुटांत लिहिलेली पातळी वाचायला लिहिणाराच लागतो. दोन इंच म्हणजे सकाळी आठपर्यंतचे की रात्रीपर्यंतचे, कोणत्या भांड्यात मोजलेले, की वर्तमानपत्रातून उतरवलेले, हे सांगायलाही तोच लागतो. पहिल्या काही दिवसांत मुलाने फक्त विचारावे आणि लिहावे. लहानपणी नदीचे पाणी कसे होते, कोठपर्यंत चढत असे, अकोट्याच्या बाजूला काय होते, हे ओघात येईलच. आले नाही, तर आपण चहा ठेवताना एखादा प्रश्न टाकावा.

मुलाला एका गोष्टीची कल्पना मात्र आधीच द्यावी. एका घरातल्या एका माणसाच्या नोंदींतून जगाचे हवामान सिद्ध होत नाही. आकडे मांडल्यावर कदाचित काहीच दिशा दिसणार नाही, कदाचित एखादे जुने वर्ष २०२४ पेक्षा मोठे निघेल आणि नाना म्हणतील, "बघ." तसे झाले, तर ते मान्य करायची त्याची तयारी असली पाहिजे, आणि नसेल तर त्याने कॅलेंडरांना हात लावू नये. आजोबांना पकडण्यासाठी लावलेला तो सापळा आहे असे नानांना एकदा वाटले, तर पुढे काही सांगण्यासारखे माझ्याजवळ उरणार नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा धडा वर्गात सहसा मिळत नाही, हे माझे आपले एक निरीक्षण. उलट, मोठ्या पावसाचे दिवस अलीकडे जास्त जवळजवळ येऊ लागले आहेत असे चौकटींत दिसले, तर ते मुलाने बोलून दाखवू नये. अक्षर नानांचेच आहे, त्यांना दिसेल.

भिजून चिकटलेली पाने असतील, तर ती जोर लावून सोडवू नयेत. जी उघडतात त्यांची छायाचित्रे आधी काढून घ्यावीत आणि चिकटलेली अखेरीस हाताळावीत. ऑगस्ट २०२४ चे पान सापडले, तरी त्यातल्या शेवटच्या आठवड्याच्या चौकटी बहुधा कोऱ्या असतील. घरात पाणी असताना कोण लिहिणार. त्या भरायच्या, तर मागच्या खोलीतल्या भिंतीवरची खूण फरशीपासून मोजावी लागेल. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी तेवढे करून घ्यावे. मेजपट्टी एकाने खाली धरावी लागते आणि दुसऱ्याने वर वाचावी लागते. ७९ व्या वर्षी वाकायचे कोणी, एवढे दोघे आपसांत ठरवतील.